शिंजीर गात नाही

११ मार्च २०२५

घरट्याला वेगळी वही, हा माझा जुना नियम. म्हणून जुनी अर्धी कोरी असूनही आज नवी उघडली.

सकाळी सात वीसला परसात शिंजिराची मादी चोचीत कोळिष्टक घेऊन जुईच्या वेलात शिरली. वेल ज्या तारेवर चढवला आहे तिच्या टोकाशी, कपड्यांच्या दोरीपासून दीड हातावर, तिनं जागा धरली आहे. नऊपर्यंत एकोणीस खेपा. इतक्या जवळ घरटं गेल्या सहा वर्षांत झालं नव्हतं. मागच्या पायरीवर बसलं की दुर्बीणसुद्धा लागत नाही.

नर शेवग्याच्या शेंड्यावर. उन्हात जांभळा, सावलीत काळा. गल्लीतले लोक याला शकरखोरा म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, पण मार्च लागला की सकाळभर ओरडून सगळ्यांना उठवतो. आज मात्र चोच उघडत होता, मान फिरवत होता, पंखाखालची पिवळी पिसं फुलवत होता, आणि आवाज नाही. अर्धा तास थांबलो. विनोदिनीला जाऊन सांगितलं. ती ओट्यापाशी होती, पाठ करून काहीतरी म्हणाली. भांड्यांच्या आवाजात कळलं नाही.

१४ मार्च

धुळवड. जगदेव भिंतीतल्या वाटेनं आला, कपाळाला गुलाल लावला, गुजियांचा डबा ठेवला.

सगळी कॉलनी त्याला जगदेवराव म्हणते. त्याचे आजोबा इथेच, देवासच्या दरबारात शिलेदार होते आणि माझे तिथेच फडणिशीत. आम्ही दोघे सहावीपासून एका बाकावर. एकोणनव्वद साली शेजारी शेजारी घरं बांधली तेव्हा मधल्या भिंतीत माणूस जाईल एवढी वाट ठेवली, तिला फाटक कधी लावलं नाही.

पायरीवर चहा घेतला. हल्ली तो फार मोठ्यानं बोलतो, अगदी तोंडासमोर येऊन. त्याला कमी ऐकू येऊ लागलं असावं. घरटं दाखवलं तर म्हणाला, "पहाटेपासून बोंबलतोय तुझा शिंजीर. झोपू देत नाही." चेष्टेची त्याची खोड जुनीच. मी म्हटलं, अरे, तो या वर्षी मुका आहे. त्यावर तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग कप उचलून आत विसळायला गेला.

त्याची जास्वंद यंदा जोरात आहे. कर्दळही. बाग मुळात भवानीवहिनींची. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि ज्या माणसानं कधी कुंडी हलवली नव्हती त्यानं ती सगळी अंगावर घेतली. गिलक्यांचा वेल तर गल्लीला भाजी पुरवतो. प्रत्येकाच्या फाटकावर पिशवी अडकवून येतो.

२३ मार्च

घरटं गुरुवारी पूर्ण झालं. उलट्या दुधीसारखं लोंबतं, बाजूला तोंड, तोंडावर इवलासा छज्जा. आत सावरीचा कापूस. बाहेर अळ्यांची विष्ठा, सालीचे तुकडे, आणि आपल्या कॅलेंडरच्या कागदाचा एक कपटा, त्यावर "नव" एवढंच वाचता येतं. नवमी असावी.

सकाळी देवश्रीच्या गटाबरोबर शंकरगडला. ती इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. महिन्यातून एकदा आठ-दहा जणांना घेऊन टेकडीखाली पक्षी मोजते आणि मोबाइलवर यादी पाठवते. मी गटात सगळ्यांत म्हातारा. आज वाद झाला. तिनं चष्मेवाले सहा लिहिले, फुलटोच्या दोन. मी विचारलं, पाहिले कुठे? म्हणाली, "पाहिले नाहीत काका, ऐकले ना, आत्ता डोक्यावरून गेले." मी म्हटलं, मीही इथेच उभा आहे, माझ्या कानावर नाही आले. तिनं यादीतून खोडलं, पण माझ्या समाधानासाठी, हे कळत होतं. परत येताना ती म्हणाली, काका, एकदा... आणि थांबली. मी विचारलं नाही. न पाहता लिहायची सवय लागली की मग याद्यांना अर्थ राहत नाही.

माझी आजची नोंद: भारद्वाज दोन, घुमताना ऐकले. होले बरेच. डोमकावळे. मोर एक, ओरडला. बारीक पक्षी नाहीतच. सहा-सात वर्षांपासून हेच लिहितो आहे. बारीक पक्षी चालले.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. मादी बाहेर गेल्यावर काठीला बांधलेल्या आरशात पाहिलं, दोन अंडी. करडी, तपकिरी ठिपक्यांची.

श्रीखंड द्यायला भिंतीपलीकडे गेलो तर जगदेव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गिलक्यांवर मारत होता. कसला तरी आंबूस वास. विचारलं तर म्हणाला, मावा पडलाय. मी काही बोललो नाही, पण मनात बसलं. शिंजीर त्याच्याच कर्दळीवर रस पितात, त्याच्याच वेलावरच्या अळ्या आणि कोळी नेतात.

२ एप्रिल

विनोदिनी इंदूरला गेली. आमच्या लेकीचे, कृतिकाचे, दिवस भरत आले आहेत. दोन-तीन आठवडे येणार नाही. जाताना पोळ्यांची बाई, गॅस, औषधं, सगळं बजावलं आणि शेवटी, कान दाखवून घ्या. हे तिचं आवडतं वाक्य. टीव्हीचा आवाज मोठा असतो म्हणे. हल्लीच्या निवेदिका तोंडातल्या तोंडात बोलतात त्याला मी काय करू?

वॉशिंग मशीन थांबलं की वाजत नाही. बिघडलं. कारागीर येऊन पाहून गेला, म्हणाला, मशीन ठीक है बाबूजी. काही न करताच गेला.

७ एप्रिल

नात झाली. इंदूरला जाऊन पाहून आलो. कृतिका बरी आहे. बाळाचं नाक विनोदिनीचं. मला हातात दिलं तेव्हा ती झोपलेलीच होती.

संध्याकाळच्या बसनं परत. घरट्याची काळजी होती.

८ एप्रिल

अंडी फुटली. दोन्ही.

११ एप्रिल

पिल्लं तीन दिवसांची. आई आली की छज्ज्याखालून दोन चोची वर येतात, आतून केशरी, माना थरथरतात, पूर्ण वासलेल्या. आणि काही नाही. मी आज तीन हातांवर उभा राहिलो. मी कित्येक घरटी पाहिली आहेत. पिल्लं मागताना कल्ला करतात, त्यावरूनच तर मांजराला घरटं सापडतं. ही दोन्ही मुकी आहेत. बाप मुका, पिल्लं मुकी.

मी बत्तीस वर्षं मलेरिया विभागात निरीक्षक होतो. घराघरांच्या भिंतींवर फवारणी करून घेणं हेच काम. सरदारपूरकडच्या एका गावात फवारणीनंतर आठवड्यानं परत गेलो तर शाळेच्या पडवीत पाकोळ्या मरून पडल्या होत्या. मास्तरांनी सुपात भरून दाखवल्या. त्यांचा आणि आमच्या फवाऱ्याचा संबंध होता की नाही ते मला आजही माहीत नाही. मी रजिस्टरात सही घेतली आणि पुढच्या गावाला गेलो. ते सूप अजून डोळ्यांसमोरून जात नाही. निवृत्तीनंतर हातात दुर्बीण घेतली ती बहुधा त्यामुळे.

या वेळी सही घेऊन पुढे जाणार नाही.

१२ एप्रिल

सकाळी जगदेवकडे गेलो. तो वेलाला सुतळी बांधत होता. सरळ विचारलं, काय मारतोस यांच्यावर? म्हणाला, निंबोळीचा काढा आणि आंबलेलं ताक. भवानी गेली त्या वर्षीपासून बाजारचं औषध घरात आणलं नाही. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, पिल्लं मुकी जन्मली आहेत.

तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. सुतळी खाली ठेवून जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. या वेळी हळू बोलत होता, नेहमीसारखा नाही. मला मधलं काही लागलं नाही. शेवटचं समजलं, मी ऐकत नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. म्हणजे चोर तो आणि ऐकत नाही मी. हात झटकून निघालो. वाटेत त्याच्या अवजारांच्या खोपटापाशी औषधाची रिकामी बाटली दिसली. लेबल उडालेलं, पण कवटीचं चित्र शाबूत. उचलून आणली.

पुरावा मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. दुपारून जेवलो नाही.

१३ एप्रिल

कॉलनीच्या बागेत रहिवाशांची बैठक होती. चाळीसेक लोक. हर्षित, म्हणजे आमचा सचिव, यानं पाण्याचा विषय संपवल्यावर मी उठलो आणि लिहून आणलेला अर्ज वाचला, हिंदीतून, सगळ्यांना कळावा म्हणून. पिल्लं मुकी असल्याचं सांगितलं. जी भाजी आपण खातो तिच्यावर काय मारलं जातं ते विचारा, म्हटलं. बाटली टेबलावर ठेवली. जगदेवचं नाव घेतलं.

हर्षित म्हणाला, "जगदेवराव भिया, आप कुछ कहेंगे?"

तो उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मुझे कुछ नहीं कहना," एवढं म्हणून चपला घातल्या आणि निघून गेला.

ज्याच्याकडे उत्तर असतं तो देतो. पण घरी येताना भिंतीतल्या वाटेकडे पाहिलं नाही, हेही लिहून ठेवतो.

१५ एप्रिल

काल सकाळी जगदेवच्या फाटकावर पाच पिशव्या परत अडकवलेल्या होत्या. गिलकी तशीच आत. त्यानं एकेक काढून नेली.

आज उठलो तर त्यानं बाग उपटली होती. गिलक्यांचा वेल, जास्वंद, कर्दळीचे गड्डे, सगळं. मुळांसकट ढीग केला होता भिंतीशी. बनियनवर उभा होता, कुदळ हातात, श्वास लागलेला. मी भिंतीतल्या वाटेत उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं नाही.

कबुलीच की ही. नाही तर कोण आपली लावलेली झाडं उपटतं?

शिंजीर आता रसाला कुठे तरी लांब जातात. खेपा तासाला अकरावरून सहावर आल्या आहेत.

१८ एप्रिल

राजवीर गाडी घेऊन आला आणि बापाला धारला घेऊन गेला. राजवीर जगदेवचा एकुलता एक. पीथमपूरला कारखान्यात आहे, राहतो धारला. जाताना मला पाहून गाडीतून उतरला, वाकून नमस्कार केला. "काका, बाबांना थोडे दिवस नेतोय," एवढंच म्हणाला. जगदेव पुढच्या सीटवर समोर बघत बसला होता.

पिल्लांना पिसं फुटली. धडधाकट आहेत. फवारणी थांबल्याचा परिणाम असावा. आवाज मात्र नाहीच.

२१ एप्रिल

विनोदिनी आली.

जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी बारा वाजता ती आली, हातपाय धुतले, आणि पिशवीतले ओले कपडे वाळत घालायला परसात गेली. मी मागोमाग. ती दोरीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, केवढी चिवचिव लावलीय यांनी. अंगावर पाजणाऱ्या आपल्या कृतिकासारखी दमली असेल ती आई."

मी विचारलं, कुणी लावलीय?

तिनं घरट्याकडे बोट केलं. दोन चोची वासलेल्या होत्या.

मी म्हटलं, ती मुकी आहेत. ती हसली. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. हातातला पंचा तसाच दोरीवर टाकला, पिना न लावता. माझ्याजवळ आली आणि विचारलं, "तुम्हाला हे ऐकू येत नाही?"

मी पुन्हा तिकडे पाहिलं. चोची हलत होत्या.

"आणि वर तो? तो शेवग्यावरचा? केव्हाचा ओरडतोय तो." नर शेंड्यावर होता. चोच उघडत होता, मान फिरवत होता.

मी पायरीवर बसलो. ती शेजारी बसली. तिनं भिंतीपलीकडे पाहिलं आणि विचारलं, भावजींच्या बागेला काय झालं? मला सगळं सांगावं लागलं. अर्ज, बाटली, पिशव्या. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही मला एक फोन करायचा होता हो. एकदा विचारायचं होतं."

२४ एप्रिल

पिल्लं उडाली. एक सकाळी आठला, दुसरं साडेदहाला. दोन्ही जगदेवच्या परसाकडे गेली आणि तिथे बसायला काही नाही म्हणून परत आली.

२९ एप्रिल

इंदूरला कानांच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला दाबलं, मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, बाहेरची मुलगी चहाला गेली. काचेतून पाहिलं तर ती यंत्र फिरवतच होती.

डॉक्टरांनी कागद दाखवला. रेघ थोडी सरळ जाते आणि मग घाट उतरावा तशी खाली. जाडे आवाज जवळजवळ शाबूत, बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेले. म्हणाले, हे एका दिवसात होत नाही बाबूजी, सात-आठ साल से जा रहा होगा. यंत्रानं बोलणं सुधारेल. पक्ष्यांचं विचारलं तर म्हणाले, बघू, आशा फार ठेवू नका.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. चष्मेवाला "ऐकला" अशी शेवटची नोंद नोव्हेंबर २०१८. त्यानंतर सगळीकडे "पाहिला". फुलटोच्या नाहीच. शिंपी शेवटचा २०२१. मी सहा वर्षं पक्षी कमी झाल्याचं लिहीत होतो आणि कमी होत होतो मी.

देवश्रीला फोन करून सांगितलं, शंकरगडच्या यादीत चष्मेवाले सहा पुन्हा लिही. ती "बरं काका" म्हणाली असावी.

४ मे

जगदेवला पत्र लिहायला बसलो. पहिलं फाडलं, त्यात माझ्या कानांचंच जास्त होतं. दुसरंही फाडलं. तिसऱ्यात फक्त "माझं चुकलं" लिहिलं आणि ते इतकं छोटं दिसलं की पाकिटात घालवेना.

त्यानं १२ एप्रिलला काय सांगितलं ते आता कळतं. मी ऐकत नाही असं तो म्हणालाच नव्हता. मला ऐकू येत नाही, हे सांगत होता. हळू सांगत होता, गल्लीला कळू नये म्हणून.

विनोदिनी म्हणते, कागद कशाला, जाऊन या.

११ मे

धारला जाऊन आलो. इंदूरला बस बदलून, साडेअकराला पोचलो. राजवीरचं घर तिसऱ्या मजल्यावर. रविवार असून तो कामावर होता. सून मुलांना घेऊन माहेरी गेलेली.

दार जगदेवनं उघडलं.

"या," तो म्हणाला. "बसा."

मला वाटलं, माझ्या मागे कुणी आलंय. वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

त्यानं पाणी दिलं. प्रवास कसा झाला, नात कशी आहे, विचारलं. सगळं तुम्ही, तुमचं, तुम्हाला. सहावीपासून हे शब्द त्याच्या तोंडून मी माझ्यासाठी ऐकले नव्हते. मी सगळं सांगितलं. काचेची खोली, घाटासारखी रेघ. तो मान हलवत होता. नवल वाटल्याचं त्याच्या तोंडावर कुठेच दिसलं नाही.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. तुमच्या दाराची घंटा वाजवून वाजवून मी भिंतीतून यायचो."

"मग सभेत का नाही बोललास? एका वाक्यात सुटला असतास."

त्यानं टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ केलं. "पक्ष्यांसाठी जगणाऱ्या माणसाला चाळीस लोकांसमोर बहिरा म्हणू?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घरी सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकू आलं नाही. तो दोष तुमचा नाही. पण बाटली उचलून नेलीत. तिच्यात भवानी तुळशीला घालायचं पाणी भरून ठेवायची, तीनदा खळखळून धुतलेली. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी म्हटलं, माझं चुकलं. मी पुन्हा बाग लावून देतो, जास्वंद, कर्दळ, जे होतं ते सगळं. माझ्या हातांनी लावतो.

"ती तिच्या हातची होती," तो म्हणाला.

मग त्यानं चहा केला. बिस्किटं काढली. घर विकायचं ठरलं आहे, राजवीरनं गिऱ्हाईक पाहिलं आहे, असं सांगितलं. माझ्या मनात काही नाही, तुम्हीही ठेवू नका, म्हणाला. हे त्यानं मनापासून म्हटलं, याबद्दल मला शंका नाही, आणि त्यामुळेच बसवेना. बोलताना तो पूर्ण वेळ समोर बसून, माझ्याकडे तोंड करून, मोठ्यानं आणि सावकाश बोलत होता. एकही शब्द सुटला नाही.

खाली रिक्षापर्यंत पोचवायला आला. रिक्षावाल्याला बसस्टँड नीट समजावून सांगितलं. मी बसलो तेव्हा हात जोडले.

१७ मे

कानांना यंत्रं बसवून आणली. विनोदिनीचा आवाज पत्र्यावर बोलल्यासारखा येतो. वॉशिंग मशीन वाजतं. नळाचं पाणी इतका आवाज करतं हे विसरलो होतो.

घरटं सोडून दिलेलं आहे. छज्जा उन्हानं निसटला.

१ जून

आज कॉलनीची बैठक. मी आधीच हर्षितला सांगून वेळ मागून घेतली होती. उभा राहून वाचलं की जगदेवरावांवर मी केलेला आरोप खोटा होता, पिल्लं मुकी नव्हती, मला ऐकू येत नाही, बाटली पाण्याची होती, आणि ज्यांनी भाजी परत केली त्यांनी ती माझ्यामुळे केली. कानातली यंत्रं काढून दाखवली. ती पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत वाचलं.

लोक जरा चुळबुळले. एक जण म्हणाला, कौन से जगदेवराव, वो कोने वाले? हर्षित म्हणाला, "ठीक है काकाजी, नोट कर लिया," आणि पार्किंगचा विषय घेतला. त्यांच्या दृष्टीनं ते दीड महिन्यापूर्वीच संपलं होतं. ज्याच्या कानावर जायला हवं होतं तो इथे नव्हता.

घरी येऊन विनोदिनीला म्हटलं, जगदेवला फोन लाव आणि सांग की मी सगळ्यांसमोर वाचलं. मीच लावला असता, पण फोन जवळ नेला की यंत्र शिट्टी मारतं आणि यंत्र काढलं की शब्द लागत नाहीत.

तिनं लावला. मी समोर बसलो होतो. "भावजी, मी विनोदिनी," म्हणाली, आणि सांगितलं. मग ऐकत राहिली. एकदा "हो" म्हणाली. एकदा "नाही हो, तसं नका म्हणू" म्हणाली. मग नुसती ऐकत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. चहावर साय धरली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पण पलीकडचं तोंड दिसत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच," म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

मी पुन्हा विचारलं नाही.